झेरॉक्सवाले पाव्हणं

बायकोच्या मावसबहिणीचं लग्न सांगलीत, विश्रामबागेतल्या कार्यालयात. अक्षता पडायच्या आधीच एका पोरानं माझ्या हातात आधार कार्ड आणि पाचाचं नाणं ठेवलं. "आजोबांनी सांगितलंय, दोन काढा. पुढची-मागची बाजू." तेव्हापासून सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात मी 'झेरॉक्सवाले पाव्हणं' आहे. ही पदवी बायकोच्या मामांनी दिली. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

काम एवढंच होतं. मी एका बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य संगणकावर, झेड/व्हीएम नावाची प्रणाली सांभाळतो. एका मोठ्या यंत्राच्या पोटात पुष्कळ व्हर्च्युअल मशीन नांदतात. त्यातल्या एका लिनक्स मशीनची, त्याच्या डिस्कसकट, पाच भावंडं संध्याकाळपर्यंत उभी करा, असा साहेबांचा फोन ऐन हळदीत आला. "कॉपी-पेस्टच तर आहे" हे शेपूट होतंच. अख्ख्या कार्यालयात चालू प्लग एकच सापडला, तोही रुखवताच्या टेबलामागं. तिथं लाडवांच्या मनोऱ्याआड लॅपटॉप उघडून बसलो.

मामा भूकरमापक म्हणून निवृत्त झालेत. उभा जन्म तासगाव-मिरजेकडच्या बांधांवर मोजणी करण्यात गेला. खुर्ची ओढून ते अगदी खांद्याला खांदा लावून बसले.

"काय चाललंय पाव्हणं?"

"मशीनची कॉपी काढतोय, मामा."

"मशीन कुठाय?"

"तसं मशीन नाही. भासतं फक्त."

"आन डिस्क?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं, पण प्रामाणिकपणा नडला. म्हटलं, डिस्कही तशी नाही. ३३९० नावाची डिस्क आयबीएमनं १९८९ साली काढली. आता ती कुणी बनवत नाही. आजची साठवणीची पेटी नुसतं 'मी ३३९०च आहे' असं सोंग घेते. त्या डिस्कवर जागा मोजायचे सिलिंडर असतात, तेही सोंगच. पण मोजावे मात्र काटेकोर लागतात. मॉडेल ९ म्हणजे १०,०१७ सिलिंडर, एक इकडं नाही, एक तिकडं नाही.

मामांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे कागदावर गट हाय, जाग्यावर न्हाय!"

"हो, म्हणजे साधारण..."

"साधारण काय? आमच्यात असली ढिगानं प्रकरणं! जमीन नदीत गेलेली, उतारा चालूच."

मग मामा सुटलेच. डायरेक्टरीत, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, प्रत्येक मशीनच्या नावापुढं लिहावं लागतं की याची मिनिडिस्क, म्हणजे डिस्कचा तुकडा, अमुक व्हॉल्यूमवर (म्हणजे अख्ख्या डिस्कवर), अमुक सिलिंडरपासून पुढं इतके सिलिंडर. मामा म्हणाले, "सातबारा." शून्य नंबरचा सिलिंडर सोडायचा, तिथं व्हॉल्यूमचं लेबल असतं. "रस्त्याला सोडली, बराबर." डिस्कमॅप ही आज्ञा चालवली की कुठं गॅप, कुठं ओव्हरलॅप, ते दिसतं. ओव्हरलॅप म्हणजे एकाच सिलिंडरवर दोघांचा हक्क, आणि एकानं लिहिलं की दुसऱ्याचं मातेरं. हे ऐकून मामा खुर्चीतून उठलेच. "अतिक्रमण! गॅप म्हंजे पडीक! अवो पाव्हणं, हे आमचंच खातं हाय की! त्याला इमानात बसवून अमेरिकेला कुणी न्हेलं?"

येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते सांगू लागले, "आमचं पाव्हणं ब्यांकेच्या नकला काढत्यात." नकला म्हटल्यावर लोकांना समजायचं तेच समजलं. आधार कार्ड आलं ते तेव्हा.

खरं सांगायचं तर माझ्या टीममधल्या पोरांना मिनिडिस्क समजवायला मला जेवढा वेळ लागला, त्याच्या पावपटीत मामांना समजली. याचाही मला रागच आला.

फ्लॅशकॉपी चालली असती तर मी पंगतीला वेळेवर बसलो असतो. पेटी आतल्या आत नोंद करते, कॉपी लगेच वापरता येते आणि खरी उचल-ठेव मागं सावकाश चालू राहते. पण दोन्ही डिस्क एकाच पेटीत लागतात. आमच्या थोर नियोजनात मूळ डिस्क एका पेटीत आणि नवी जागा दुसऱ्या पेटीत. मग डीडीआर, म्हणजे एकेक ट्रॅक उचलून ठेवणं. पाच मशीनच्या डिस्क ओळीनं जाव्यात म्हणून मी एक एक्झेक, म्हणजे आज्ञांची लिहून ठेवलेली यादी, लावला आणि हात धुवायला उठलो.

परत येतो तर स्क्रीनच्या खाली, उजव्या कोपऱ्यात 'होल्डिंग'. स्क्रीन भरली की तिथं 'मोअर' येतं. थोडं थांबलं की ती आपली आपण पुढं सरकते. त्यावर एंटर दाबलं की मात्र 'होल्डिंग', आणि क्लिअर दाबेपर्यंत पुढचा शब्द उमटत नाही. एक्झेकही दाराशी ताटकळतो. मामा म्हणाले, "मोअर म्हणत हुतं, म्हणून दाबलं." चार डिस्क तशाच राहिलेल्या आणि पहिली पंगत उठलेली.

त्यात कॉपी झाली म्हणजे सुटलो असं नाही. नवी भावंडं उठतात ती मोठ्या भावाचंच होस्टनेम, तोच आयपी, त्याच एसएसएच किल्ल्या घेऊन. प्रत्येकाचं बारसं वेगळं करावं लागतं. हे साहेबांच्या कॉपी-पेस्टमध्ये कधी धरलेलं नसतं. मागच्या वेळी अशीच घाईनं मागवलेली मशीन आजही तिथंच बसलेली आहेत, कुणी लॉगिनसुद्धा केलेलं नाही. काढून टाकू का विचारलं की "असू दे, लागतील". डिस्क भरली की मेल मात्र मला, तोही लाल अक्षरांत. झेड/व्हीएमचा पूर्वज व्हीएम/३७० आला १९७२ साली. तेव्हापासून जगात कुठं ना कुठं कुणीतरी रविवारी हे करत बसलेलंच असणार, आणि त्याचा साहेब जेवत असणार.

मामांना हे थोडं सांगून मन मोकळं केलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मोजणी कुठली लावली हुती? साधी, तातडी का अतितातडी?"

"अतितातडी."

"मग फी किती घेतली?"

"फी कसली मामा, पगारातच येतं."

मामांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग वाढप्याला हाक मारली, "ए, ह्यास्नी दोन जिलब्या जास्त वाढ रं. फुकट मोजणी करत्यात."