अमिश म्हणजे ‘ख्रिस्ती झालेले ज्यू’ नव्हेत

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार गटांतून आला. त्यातले दोन गट भजनी मंडळांचे, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. मजकुरासोबत ‘अमिश-ज्यू वाद्यवृंदा’चा एक व्हिडिओ आणि दोन फोटो आहेत: एका फोटोत काळी हॅट आणि लांब दाढी असलेला, अमेरिकेतल्या अमिश या ख्रिस्ती पंथाचा शेतकरी, दुसऱ्यात तशीच हॅट आणि तशीच दाढी असलेला न्यूयॉर्कचा हासिदी, म्हणजे कडक धर्माचार पाळणाऱ्या एका पंथाचा, ज्यू. खाली लिहिलंय ते थोडक्यात असं: अमिश हे मूळचे ज्यू. छळाला कंटाळून ते ख्रिस्ती झाले, पण वेश, भाषा आणि नावं त्यांनी सोडली नाहीत. दोघंही संगीत पाप मानतात, म्हणून वाद्यं वाजवत नाहीत. अमिश प्रार्थनेच्या चाली ज्यूंच्या सिनेगॉगमधून, म्हणजे प्रार्थनास्थळातून, आलेल्या आहेत. दोघांचा छळ सारखाच. आणि आज हे दोन समाज एकत्र बसून एकमेकांच्या प्रार्थना गातात, कारण शेवटी दोघांचा धर्म एकच.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हे मला दिसतं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि जे खरं सांगण्यासारखं आहे ते या चुकांखाली झाकलं गेलंय.

आधी ‘मूळचे ज्यू’ हा दावा. अमिशांचा उगम नीट नोंदलेला आहे. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही ख्रिस्ती माणसांनी एकमेकांना प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊन काय उपयोग, श्रद्धा समजून-उमजून स्वीकारायची असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांना ‘अ‍ॅनाबॅप्टिस्ट’ म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे म्हणू लागले. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये झुरिकच्याच लिमाट नदीत बुडवून मारलं. पुढे १६९३ मध्ये याकोब अमान या पुढाऱ्याच्या कडक शिस्तीवरून स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातल्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांत फूट पडली. अमानच्या मागे गेले ते अमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. या साखळीत ज्यू समाज कुठेच नाही. स्टोल्ट्झफुस, योडर, बायलर ही त्यांची आडनावं स्विस-जर्मन आहेत. लेवी, सॅम्युएल, रेचल ही नावं त्यांच्यात आढळतात कारण ती बायबलच्या जुन्या करारात आहेत. गोव्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात जोसेफ असला तर तो ज्यू ठरत नाही.

वेशाबद्दल फार लिहायची गरज नाही. अमिश पुरुष सहसा लग्नानंतर दाढी राखतो, पण मिशी काढतो, कारण युरोपात मिशा सैनिकांच्या आणि अमिशांना युद्ध वर्ज्य. हासिदी पुरुष मिशी काढत नाही. कानशिलावरचे केसही राखतो, कारण तोराहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तशी आज्ञा आहे. हासिदीला डुक्कर निषिद्ध, अमिशाच्या ताटात हॅम असतं. एकाचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, दुसरा रविवार पाळतो. हासिदी माणूस गाडी चालवतो, अमिश घोडागाडी. फोटोत हे काहीच दिसत नाही, हॅट तेवढी दिसते.

भाषेच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून तो नीट बघू. अमिश घरात पेनसिल्व्हेनिया डच बोलतात. नावात ‘डच’ असलं तरी हॉलंडशी तिचा संबंध नाही. ते ‘डाइच’, म्हणजे जर्मन. हासिदी घरात यिडिश बोलतात. दोन्ही भाषा जर्मन बोलींतून निघाल्या आणि दोन्हींची मुळं ऱ्हाइन नदीच्या परिसराशी जोडलेली आहेत. त्यामुळे काही वाक्यं एकमेकांना कळतात. पण यिडिश साधारण हजार वर्षं जुनी आहे, हिब्रू लिपीत लिहितात, आणि तिच्यात हिब्रू, अरामी व स्लाव्ह शब्दांचे थर आहेत. एक उदाहरण मला फार आवडतं. साध्या पुस्तकाला यिडिशमध्ये जर्मन वळणाचा ‘बुख’ हा शब्द आहे, पण धर्मग्रंथ असेल तर ‘सेफर’, हा हिब्रू. पुस्तक उचलायच्या आधीच भाषा सांगते की हात कसे लावायचे. पेनसिल्व्हेनिया डचमध्ये हा हिब्रू थर नाही, कारण ती बोलणाऱ्यांचं आयुष्य हिब्रूभोवती कधी फिरलंच नाही. या दोन चुलत बहिणी आहेत. चुलत बहीण म्हणजे आपण स्वतः नव्हे.

आता संगीताकडे येते. खरं तर याचसाठी लिहायला बसले.

‘दोघंही संगीत पाप मानतात.’ हे वाचून मला वाईट वाटलं, कारण जगातल्या फार थोड्या समाजांनी गाण्याला इतकं जपलंय.

अमिशांच्या प्रार्थनेत वाद्य नसतं, हे खरं. एकट्याने गाणंही नसतं आणि वेगवेगळ्या पट्ट्यांत सूर जुळवून गाणंही नसतं. सगळे एकाच सुरावटीत गातात. कारण पाप हे नव्हे. त्यांच्या धर्मजीवनाचा गाभा ‘डेमूट’, म्हणजे नम्रता. वाजवणारा वर उठून दिसतो, सुरेल गळा वाहवा मिळवतो, आणि वाहवेतून अहंकार येतो अशी त्यांची धारणा. गाणं नको असतं तर ते तीन तासांच्या प्रार्थनासभेत इतका वेळ गायले नसते.

ज्यूंचं कारण अगदी निराळं आहे. जेरुसलेमच्या मंदिरात लेवी वंशाचे सेवक वाद्यं वाजवत. १५० व्या स्तोत्रात तर शिंग, वीणा, डफ, झांजा यांची यादीच आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, तेव्हापासून प्रार्थनेतली वाद्यं थांबली. तो शोक आहे. शिवाय शब्बाथला वाद्य वाजवलं आणि ते बिघडलं तर माणूस नकळत दुरुस्त करायला बसेल, आणि दुरुस्ती म्हणजे काम, असा विचार तलमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात आहे. पण हासिदी लग्नात जाऊन बघा, वाद्यवृंद मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. अमिश लग्नात एकही वाद्य नसतं. एका घरी वाद्य शोकामुळे थांबलं आणि आनंदाच्या दिवशी परत आलं. दुसऱ्या घरी ते नम्रतेपोटी बाहेर ठेवलं आणि लग्नालाही आत आलं नाही. ही दोन कारणं एका शब्दात कोंबली की दोन्ही समाज कळत नाहीत.

पुढचा दावा: अमिश चाली सिनेगॉगमधून आल्या.

अमिशांच्या भजनसंग्रहाचं नाव ‘आउसबुंड’. त्याचा गाभा १५३५ ते १५४० या काळात जर्मनीतल्या पासाउ शहराच्या किल्ल्यातल्या तुरुंगात तयार झाला. डॅन्यूबकाठच्या त्या तळघरात काही अ‍ॅनाबॅप्टिस्ट श्रद्धेपायी डांबलेले होते. तिथे त्यांनी गीतं रचली. काही जण तिथेच वारले. १५६४ मध्ये ती गीतं पहिल्यांदा छापली गेली आणि अमिश आजही ती गातात. पुस्तकात स्वरलिपी नाही. फक्त शब्द आहेत, आणि वर सूचना: अमुक गाण्याच्या चालीवर. ही ‘अमुक गाणी’ बहुधा त्या काळची लोकगीतं, बाजारात आणि वाटेवर म्हटली जाणारी. पुढे पिढ्यान्‌पिढ्या गाताना चाल संथ होत गेली, एकेका अक्षरावर स्वरांची वळणं चढत गेली, इतकी की मूळ लोकगीत ओळखूही येईना. ‘लोबलीड’ हे स्तुतिगीत प्रत्येक सभेत दुसऱ्या क्रमांकावर गातात. त्याची चारच कडवी आहेत, पण ती गायला वीस मिनिटंही लागतात. विलंबित ख्यालात एका अक्षरावर आलाप कसा पसरतो ते ज्याने ऐकलंय त्याला अंदाज येईल, मात्र इथे ताल नाही आणि तो विस्तार एकट्या गवयाचा नाही. शंभर-दीडशे माणसं तीच वळणं एकदम घेतात.

म्हणजे चालींचं मूळ सोळाव्या शतकातलं जर्मन लोकसंगीत आहे, सिनेगॉग नाही. तरीही इथे एक खरं साम्य आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला ते दिसलंच नाही. सिनेगॉगमध्ये वाचतात त्या तोराहच्या गुंडाळीवरही फक्त व्यंजनं असतात. स्वरचिन्हं नाहीत, गायनाच्या खुणाही नाहीत. वाचणारा सूर घरी पाठ करून येतो. दोन्ही समाजांत ग्रंथ समोर असतो आणि चाल गळ्यात असते. गुरूकडून घ्यावी लागते, आईबापांच्या शेजारी बसून घ्यावी लागते. हे साम्य उसनं घेतलेलं नाही. दोघांनी ते आपापल्या घरी जपलंय.

परक्याची चाल घेऊन ती देवाला वाहायची, ही रीतही दोघांकडे आहे. हासिदींमध्ये गोष्ट सांगतात की हंगेरीतल्या नागिकालो गावचे रेबी, म्हणजे धर्मगुरू, इत्झाक आइझिक ताउब यांनी रानात एका मेंढपाळाचं गाणं ऐकलं. कोंबडा आरवतोय, पहाट होतेय, असं साधं गाणं. रेबींनी मेंढपाळाला पैसे देऊन ते ‘विकत’ घेतलं. रेबींना ते पाठ झालं आणि त्याच क्षणी मेंढपाळ ते विसरला, असं गोष्टीत म्हणतात. मग त्या गाण्यातली वाट पाहणं हे जेरुसलेमच्या मंदिराची वाट पाहणं झालं. त्यांच्या कालिव परंपरेचे हासिदी ते आजही हंगेरियन शब्दांत गातात. तसंच चाबाद किंवा लुबाविच या हासिदी पंथाचे लोक योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या अखेरीला एक कूच-धून गातात, ती १८१२ च्या स्वारीतल्या नेपोलियनच्या सैन्याची म्हणून ओळखली जाते.

आपल्याला हे परकं वाटायला नको. अलिबाग-पनवेलकडच्या बेने इस्रायलींनी, म्हणजे मराठी ज्यूंनी, एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तन आपलंसं केलं आणि त्यात अब्राहाम, जोसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत लावली. चाली आपल्या, आख्यान त्यांचं. त्यामुळे ते वारकरी झाले नाहीत, आणि कीर्तनही कुणी हिसकावून नेलं असं कुणाला वाटलं नाही. मी लहानपणापासून टाळांच्या आवाजात वाढले, आणि हे कीर्तन माझ्या परंपरेचंच एक लेकरू दुसऱ्या घरी नांदताना बघावं तसं मला वाटतं.

‘दोघं एकत्र बसून एकमेकांच्या प्रार्थना गातात.’ नाही. सनातनी ज्यू ख्रिस्ती उपासनेत सहभागी होत नाही. आउसबुंडमधली गीतं ख्रिस्तावरच्या श्रद्धेपायी तुरुंगात गेलेल्यांची आहेत, ती ज्यूने प्रार्थना म्हणून म्हणावीत ही अपेक्षाच चुकीची. उलट बाजूनेही तेच. आणखी एक अडचण मजकुरात कुठेच नाही: अमिश सभेत बायका-पुरुष वेगळे बसतात पण एकत्र गातात, तर कडक ज्यू परंपरेत पुरुषाने परस्त्रीचं गाणं ऐकणं टाळायचं असतं. एका खोलीत बसवायचं म्हटलं तरी आधी हे सोडवावं लागेल. दोन्हीकडे असलेली स्तोत्रसंहिता हा मात्र खरा सामाईक ठेवा आहे. १५० स्तोत्रं, शब्दांचा उगम एकच, चाली आणि भाषा निराळ्या.

भेटीगाठी मात्र झाल्या आहेत, आणि त्या या मजकुरापेक्षा कितीतरी मोलाच्या आहेत. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातला एक अमिश गट ब्रुकलिनच्या क्राउन हाइट्समध्ये लुबाविच हासिदींकडे पाहुणा म्हणून आला आणि त्यांच्या गल्ल्यांतून फिरला. २०१० च्या अखेरीस अमिश परंपरेतून आलेल्या काही लोकांनी ज्यूंना पवित्र असलेल्या जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी जाऊन, नाझींच्या काळात आपला समाज गप्प राहिला याबद्दल ज्यूंची क्षमा मागितली. ते सगळ्या अमिशांच्या वतीने बोलू शकत नव्हते, कारण अमिशांचं मध्यवर्ती पीठच नाही, एकेक लहान मंडळी आपापलं ठरवते. पण त्यांनी मागितलं ते खरं होतं. ‘दोघं एकच’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. क्षमा दुसऱ्याची मागतात. अमिश हे ज्यूच असतील तर त्या भिंतीपाशी उभं राहण्याला काही अर्थच उरत नाही.

‘दोघांचा छळ सारखाच’ या ओघात येणाऱ्या वाक्यालाही माझा म्हणूनच विरोध आहे. अ‍ॅनाबॅप्टिस्टांना ख्रिस्ती राजसत्तांनी वेगळ्या प्रकारचे ख्रिस्ती म्हणून मारलं. ज्यूंना ख्रिस्ती नसल्याबद्दल शतकानुशतकं मारलं, आणि विसाव्या शतकात साठ लाख माणसं संपवली. तेव्हा अमिश अमेरिकेच्या शेतांत सुरक्षित होते. युरोपातली त्यांची शेवटची स्वतंत्र मंडळी १९३७ मध्ये मेनोनाइटांत, म्हणजे अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्याच दुसऱ्या शाखेत, विलीन झाली होती. पासाउच्या तळघरात गीतं जन्मली, तसंच ज्यू परंपरा सांगते की ‘अनी मामिन’, म्हणजे ‘माझी पूर्ण श्रद्धा आहे’, याची प्रसिद्ध चाल मोदझित्झ या हासिदी शाखेतल्या एका गायकाला ट्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीकडे जाणाऱ्या आगगाडीत सुचली. ही दोन गाणी मी शेजारी ठेवून ऐकते. एकावर दुसरं ठेवून झाकत नाही.

राहता राहिला मजकुरासोबतचा ‘अमिश-ज्यू वाद्यवृंदा’चा व्हिडिओ. जुन्या वळणाचे अमिश रंगमंचावर वाद्यं घेऊन बसत नाहीत आणि कॅमेऱ्यासमोर मुद्दाम उभे राहत नाहीत. त्यांचं गाणं एक रविवार सोडून कुणाच्या तरी घरात किंवा कोठारात होतं. त्यासाठी बाकं एका गाडीतून घरोघर फिरतात. सभेत कुणीतरी गाण्याचा क्रमांक सांगतो. मग एक पुरुष, बसल्या जागेवरून, पहिलं अक्षर एकटाच लांबवून गातो, आणि दुसऱ्या अक्षराला सगळं घर त्याच्यात मिसळतं.