गाडी पळते ती उभी असताना

मामांकडे पाच दिवसांचा गणपती. चवथीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे गोव्यातल्या कुळेला जमतो. आरत्या झाल्या, नेवऱ्या-करंज्यांचा फडशा पडला की मोठ्यांचे पत्ते आणि पोरांचे मोबाइल. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे पोरांना अंगणात हाकलायचीही सोय नाही. यंदा माझा सात वर्षांचा भाचा सोप्यावर मामांना टेकून एक कार्टून बघत बसला होता. आवाज एवढा मोठा की पत्त्यांत माझं लक्ष लागेना, म्हणून मीही डोकावले.

कथा तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्या घरातही कुठल्या ना कुठल्या रंगात चालू असेल. डोंगरातली आगगाडी. मिशीवाला खलनायक डब्याखाली शिरून ब्रेकचा पाइप कापतो. गाडी सुसाट. चालक दोन्ही हात डोक्याला लावून ओरडतो. पुढे तुटलेला पूल. मग पोरांची टोळी येते, कोणी मोटरसायकलवरून, कोणी हेलिकॉप्टरला लोंबकळत. दोर, आकडा, ठिणग्या. पुढचं चाक पुलाच्या कडेला अधांतरी असताना गाडी थांबते आणि सगळे मिळून केक खातात.

मामा आयुष्यभर रेल्वेत, पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे, गाड्या जोडणारे-सोडवणारे) म्हणून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते सगळं गंभीरपणे पाहिलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "अरे, पायप कापल्यार गाडी रावतली मरे!"

भाच्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. पाइप कापला तर गाडी थांबेल? आपण आयुष्यभर 'ब्रेक फेल' हा शब्द ऐकत आलो. उसगावच्या उतारावरचा खनिजाचा ट्रक असो की घाटातली बस, ब्रेक गेले म्हणजे वाहन सुटलं.

पण रेल्वेचं गणित उलटं आहे आणि ते जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाच्या अमेरिकन माणसाने दीडशे वर्षांपूर्वीच उलटं करून ठेवलंय. त्याचा १८६९ चा पहिला हवेचा ब्रेक आपल्याला वाटतो तसाच होता: इंजिनातून हवा सोडायची, मग ब्रेक लागायचे. मधे पाइप तुटला की खेळ खलास. ही गोम ओळखून दोन-तीन वर्षांतच त्याने उलटी रचना केली. आता पाइपात हवा कायम भरलेली. तो दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. आपल्याकडे तो दाब चौरस सेंटिमीटरला ५ किलो ठेवतात. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची एक टाकी. पाइपातला दाब उतरला, मग तो चालकाने उतरवो, डबा सुटून पाइप तुटो की मिशीवाल्याने कापो, की टाकीतली हवा ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबते. आपण साखळी ओढतो तेव्हाही हेच घडतं, साखळी पाइपातली हवा सोडते. म्हणजे त्या कार्टूनमधल्या खलनायकाने सगळ्या प्रवाशांवर उपकारच केले असते. फार तर गाडीला उशीर झाला असता, आणि त्याची आपल्याला सवय आहे.

इथवर मला मजा वाटत होती. मोबाइल काढून कार्टूनवाल्यांची टर उडवणारी चार ओळींची पोस्ट लिहायलाही घेतली होती. मग भाच्याने विचारलं, "म्हणजे गाडी कधी पळतच नाही?"

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पळते. उभी असते ना, तेव्हा पळते.

हे मला नीट समजून घ्यायला अर्धा तास लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ती जी डब्याखालची टाकी, तिच्यातली हवा काही अक्षय नसते. इंजिन लावलेलं आहे, चालू आहे, तोवर ते हवा भरत राहतं. इंजिन काढलं किंवा बंद केलं की टाकी तेवढ्याच हवेवर. सांध्यांतून, वायसरांतून ती हळूहळू झिरपते. काही तासांनी ठोकळ्यांचा चाकांवरचा जोर कमी होतो. जमीन सपाट असेल तर काही बिघडत नाही. उतार असेल तर हजारो टनांची माळ केसाएवढी हलते, मग बोटभर, मग हातभर. तेव्हा तिथे कोणी नसतं. चालक उतरलेला, सिग्नल लाल, सगळे निवांत. म्हणून गाडी उभी करून ठेवायची असेल तर हवेवर विसंबायचं नाही. वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, कुशीला असतं ते हँडब्रेकचं चाक हाताने आवळायचं, रुळावर चाक अडवणारं लोखंडी स्किड ठेवायचं, साखळी घालून कुलूप लावायचं आणि चाकाखाली लाकडी पाचर सारायची. त्या पाचरीला मामा 'गुटका' म्हणतात. लहानपणी आम्हाला वाटायचं, मामा रात्रपाळीला जाऊन गुटखा खातात.

तसा एक गुटका त्यांच्या घरात आहे. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतात. (रेल्वेचा नव्हे, सुताराकडून मुद्दाम तशाच मापाचा करून घेतलेला, असं मामी प्रत्येक पाहुण्याला न विचारता सांगते.) वीतभर लांब, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळता होत गेलेला, तेलकट हातांनी काळा पडलेला. मामांनी तो आणून भाच्याच्या हातात दिला. पोराने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "याचं बटण कुठेय?"

कुळेत हे बोलणं सुरू होतं यालाही अर्थ आहे. कर्नाटकातल्या कॅसलरॉकपासून कुळेपर्यंतचा ब्रागांझा घाट सुमारे २६ किलोमीटरचा, आणि त्याचा उतार ३७ ला १. रस्त्याच्या मानाने हे काहीच वाटत नाही, तुमची स्कूटर लक्षातही घेणार नाही. पण रूळ गुळगुळीत आणि चाकंही लोखंडाची. ५०० मीटर लांबीची गाडी या घाटात उभी केली तर तिचं शेपूट तोंडापेक्षा १३-१४ मीटर उंचावर असतं. चार मजली इमारतीच्या गच्चीवर शेवटचा डबा आणि तळमजल्यावर इंजिन! दूधसागरचा फोटो काढायला दारात लटकणाऱ्यांना यातलं काही जाणवत नाही. जाणवतो तो वर चढताना मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांचा घोंघाट. मामांच्या घरी पाहुणे त्या आवाजाने झोपत नाहीत आणि घरचे तो थांबला की जागे होतात.

अशा घाटांत रेल्वेने एक व्यवस्था केलेली असते, ती मला सगळ्यात जास्त आवडली. कॅच साइडिंग. मुख्य रुळाला फुटलेली, चढावर नेऊन सोडलेली एक वाट, जी कुठेच जात नाही. उतारावर सुटलेली गाडी त्या चढात शिरली की आपोआप दम टाकते. भोर घाटात तर गाडीची वाट बदलणारे रुळांचे सांधे मुळातच त्या वाटेकडे लावून ठेवलेले असतात. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचं, मगच तिला खरी वाट मिळते. गाडीवर विश्वास ठेवायचाच नाही, आधी पुरावा! सासूबाईंसारखी शिस्त आहे ही. कार्टूनमध्ये ही वाट असती तर गोष्ट दीड मिनिटात संपली असती आणि दोन जाहिराती कमी दाखवाव्या लागल्या असत्या.

माझी चार ओळींची पोस्ट मात्र बारगळली, कारण त्या रात्री मोबाइलवर शोधत बसले आणि कार्टूनवाल्यांची बाजू भक्कम होत गेली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्नाटकातल्या वाडी जंक्शनवर उभं असलेलं एक इंजिन चालकाविना निघालं. १३ किलोमीटर गेलं. रेल्वेचा माणूस मोटरसायकलवरून त्याच्या मागे लागला, वेग उतरल्यावर आत चढला आणि त्याने ते थांबवलं. मोटरसायकल, पाठलाग, उडी! एप्रिल २०१८ मध्ये ओडिशातल्या टिटलागडला इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं म्हणून काढलं आणि अहमदाबाद-पुरी एक्स्प्रेसचे २२ डबे, आत प्रवाशांसकट, उलटे घरंगळले. बारा-एक किलोमीटर. रुळांवर दगड ठेवून ते थांबवले. कोणाला ओरखडाही आला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जम्मूच्या कठुआहून खडीच्या ५३ वाघिणींची मालगाडी चालकाशिवाय निघाली ती पंजाबात उंची बस्सीपर्यंत, सत्तर किलोमीटरहून जास्त. तीही शेवटी रुळांवर लाकडाचे ठोकळे आणि वाळूची पोती टाकून अडवली.

म्हणजे दगड, लाकूड, मोटरसायकल हे सगळं खरं. कार्टूनमध्ये दाखवली तर आपण 'काय फेकतात' म्हणू, अशी दृश्यं सात वर्षांत तीनदा आपल्याच देशात घडली. मग खोटं काय? खोटा आहे तो मिशीवाला. या तिन्ही प्रसंगांत पाइप कापणारं कोणी नव्हतं. तिन्ही गाड्या उभ्या होत्या आणि तिन्ही वेळा सुटलेल्या गाडीत चालक नव्हता. टिटलागडला तर चाकांना स्किड लावले नव्हते असं रेल्वेनेच तेव्हा सांगितलं.

एक प्रसंग मी भाच्याला सांगितला नाही. कॅनडातलं लाक-मेगांतिक, ६ जुलै २०१३. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी रात्री गावाच्या वरच्या उतारावर उभी करून चालक झोपायला गेला. नंतर इंजिनाला आग लागली. अग्निशमनवाले आले, आग विझवली आणि नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. त्यांनी त्यांचं काम केलं. पण इंजिन बंद म्हणजे हवा भरणं बंद. हँडब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते. हवा झिरपली, गाडी हलली आणि खाली गावात जाऊन फुटली. ४७ माणसं गेली. हे वाचल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही, आणि त्या रात्री घाटातून येणारा बँकरचा आवाज मी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकला.

म्हणून माझी तक्रार कार्टूनमधल्या हेलिकॉप्टरबद्दल नाही. ते खुशाल उडवा. तक्रार ही की पोरांना आपण भीती चुकीच्या जागी दाखवतो. वाईट माणूस आला की वाईट घडतं, हे शिकवायला सोपं पडतं, आणि मग मोठेपणी कुठेही काही कोसळलं की आपण आधी मिशीवाला शोधतो. कंटाळलेला, घाई झालेला, 'पाच मिनिटांत येतोच' म्हणून गुटका न लावता चहाला गेलेला माणूस आपल्याला खलनायक म्हणून दिसतच नाही, कारण तो आपल्यासारखाच असतो. मीही गॅसचं बटण 'नंतर बघू' म्हणून सोडलेलं आहे. आणि ज्याने पस्तीस वर्षं न चुकता पावसात वाकून गुटका लावला त्याच्यावर कोणी कार्टून काढत नाही, कारण त्याच्या गोष्टीत घडत काहीच नाही. मामांना मी विचारलं, तुमच्या नोकरीत कधी गाडी सुटली का? "छे," म्हणाले, आणि पत्ते पिसायला लागले.

दुसऱ्या रात्री मी भाच्याला माझी गोष्ट सांगून पाहिली. घाटातल्या करंझोळ स्टेशनला एक पॉइंट्समन असतो. मध्यरात्र, मुसळधार पाऊस, कंदील. (हातात टॉर्च असते, पण कंदील बरा वाटतो.) उतारावर मोठी मालगाडी उभी आहे. तो एकेक वाघीण बघत जातो, हँडब्रेक आवळतो, वाकून गुटका लावतो.

"मग?"

"मग काही नाही. गाडी उभीच राहिली."

"सकाळपर्यंत?"

"सकाळपर्यंत."

"बोगस," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आता तो फोंड्याला परत गेलाय आणि गोष्ट व्हिडिओ कॉलवर चालू आहे. मी तिच्यात एक कुत्रं घातलंय. एक गुटका पाण्यात वाहून जातो आणि कुत्रं ओढ्यात उडी मारून तो तोंडात धरून आणतं. काल त्याने शेवटपर्यंत ऐकली.