अठराव्या वर्षीच भविष्य लिहून मोकळे!

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे तरुण खेळाडू क्रमानं निवडण्याचा कार्यक्रम, जवळ आला की या पोरांची क्रमवारी लावणाऱ्या गाइडांचा नुसता पूर येतो. तीन गाइड शेजारी ठेवून ताडून बघा. एकच पोरगा एकात बारावा, दुसऱ्यात चाळिसावा, तिसऱ्यात नावच नाही! आणि वर्णन काय? ‘स्केटिंग सुधारायला हवं’, ‘अंगानं भरायला हवा’. अहो, सतरा-अठरा वर्षांचं पोर अंगानं भरणारच की! बचावपटू अंगावर आला की हा पोरगा पक (खेळातली रबरी चकती) नेमका कुठे देतो? गाइडवाल्यांनी त्याचे किती सामने प्रत्यक्ष पाहिले, की नुसत्या क्लिपा बघून मोकळे? हे कोण सांगणार?

उंचीचं वेड तर डोक्यातच जातं. बुटक्या मार्टिन सेंट लुईला ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नाही, तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. ब्रेडन पॉइंट २०१४ मध्ये ७९वा. पावेल दात्सुक तर १९९८ मध्ये थेट १७१वा! दोघेही पुढे बडे खेळाडू झाले. तरी दरवर्षी तेच, ‘गुणी आहे, पण लहानखुरा’. किती वर्षं तेच तेच लिहिणार?

आणि २०१२ चा पहिला नंबर, पण पुढे फारसा न चमकलेला नेल याकुपोव्ह? त्याच्यावरची तेव्हाची पानं आता कुणी उघडतं का? यंदाच्या यादीशेजारी पाच वर्षांपूर्वीची आपलीच यादी छापा ना!