कॅन्सर आणि संधिवात एकाच काढ्याने जात नाहीत

आमच्या देवगडातल्या तीन-चार ग्रुपांवर महिनोन्‌महिने एकच मेसेज फिरतोय: कॅन्सर असो की संधिवात, मूळ एकच, कमजोर इम्युनिटी. गुळवेलीचा काढा आणि कोरी कॉफी घ्या, मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची गोळी आहे, ती बंद करा. माझी आत्या ती संधिवातासाठी घ्यायची, तिने ती खरंच बंद केली. सहाव्या आठवड्यात तिला नारळ खवणता येईना. मूठ मिटत नव्हती. सकाळचा चहा ती दोन्ही तळव्यांत कप धरून प्यायची.

पहिली गोष्ट, रुमॅटॉइड संधिवातात इम्युनिटी कमजोर नसतेच. ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठलेली असते. तिला आणखी जोर देणं म्हणजे आगीत तेल. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. तीही ऑटोइम्यून, म्हणजे इम्युनिटी आपल्याच शरीरावर उठते तशा, आजारासारखीच होती.

कॅन्सरमध्ये तरी कमजोर असते का? कॅन्सरच्या गाठीत टी-पेशी, म्हणजे इम्युनिटीच्या मारेकरी पेशी, पुष्कळदा पोचलेल्या असतात, पण गप्प बसवलेल्या. मरणाऱ्या पेशींतून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर सांडतं. सीडी39 आणि सीडी73 ही एन्झाइम्स ते छाटत छाटत त्याचं अ‍ॅडिनोसिन करतात. ते टी-पेशीच्या ए2ए रिसेप्टरला, म्हणजे तिच्यावरच्या संदेश पकडणाऱ्या खाचेला, चिकटलं की तिचा मारा थंडावतो. सूज आवरून धडधाकट पेशी वाचवायची ही शरीराची सोय. ओहता आणि सिटकोव्हस्की या संशोधकांनी 2001 मध्ये ती उंदरांत दाखवली, आणि 2006 मध्ये दाखवलं की गाठ याच सोयीच्या आड लपते: ए2ए नसलेल्या बऱ्याच उंदरांत टी-पेशींनी गाठी संपवल्या.

कॉफीचा मुद्दा इथूनच उचललाय. कॅफीन ए2ए अडवतं, झोप उडते ती त्यामुळेच. पण कपभर कॉफी हा कॅन्सरवरचा उपचार नव्हे. त्यासाठी वेगळी औषधं करून रुग्णांवर चाचण्या घ्याव्या लागतात.

राहिलं मेथोट्रेक्सेट. कॅन्सरला ते मोठ्या डोसात देतात. संधिवाताला आठवड्यातून एकदाच, थोडं. आणि तिथे त्याचा गुण निदान काही अंशी अ‍ॅडिनोसिन वाढल्यामुळे येतो. गाठ जो ब्रेक दाबून धरते, तोच सांध्याला हवा असतो! टी-पेशींचे दुसरे ब्रेक सोडणाऱ्या कॅन्सरच्या औषधांनी, ज्यांच्यामागच्या शोधाला 2018 चं नोबेल मिळालं, काही रुग्णांचे सांधे, थायरॉइड, आतडी सुजतात, ते ब्रेक सुटल्यामुळेच.

आत्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू झाली. कॅलेंडरवर आता दर रविवारी लाल गोल असतो. रोज नाही, रविवारीच. नारळ अजून मीच खवणते.