कादंबरीचं संपादन स्वस्तात करून घेण्याची रीत

कादंबरी लिहून झाली? अभिनंदन. आता ती कुणाकडून तरी नीट करून घ्यायची आहे आणि खिशाला हात लावायचा नाही. इंदुरात राहता ना, मग काळजी नको. मी संपादनाचं काम करते आणि गेल्याच महिन्यात एका गृहस्थांनी माझ्यावर हे सगळं करून दाखवलंय.

सुरुवात 'ताई, सहज एक नजर टाका हो' अशी करा. पानं किती, असं विचारलं तर 'फार नाहीत' म्हणा. साडेतीनशे असली तरी.

फाइल जुन्या फॉन्टमध्ये पाठवा. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतील, तीही ताईच जोडतील.

दर ऐकून दचका. मग आठवण करून द्या की आपल्या इंदूरने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलनं भरवली, इथे मराठी टिकवायची तर सेवाभाव हवा. सेवाभाव संपादकाचा, नाव तुमचं. छापखानेवाल्याला मात्र हे ऐकवू नका, तो आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कागदाला हात लावत नाही. मानधनाचं काय? छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जिलबी.

निवेदनात 'तो बघून राहिला होता' आलं आणि कुणी खूण केली, तर ही इंदुरी बोली आहे असं ठणकावा. नायक सदाशिव पेठेतला असला म्हणून काय झालं?

आता खरी युक्ती. 'नमुन्याला एक प्रकरण करून द्या, मग ठरवू.' मागणी रास्त आहे, आम्ही देतोही. तुम्ही तिसरं प्रकरण एकीला द्या, सातवं दुसरीला, अकरावं बडोद्यात कुणाला तरी. नमुन्या-नमुन्यात कादंबरी उरकते! मला कळलं ते चहा पिताना. माझी संपादक मैत्रीण सांगत होती, एका कादंबरीतल्या आत्याबाई गच्चीवर पापड वाळत घालतात, प्रसंग छान उतरलाय. कुठल्या आत्याबाई? त्यांचा दहावासुद्धा तिसऱ्या प्रकरणात उरकला होता! त्या मरणाच्या पानांवर मी रात्री जागून बसले होते. सुनेचं रडता रडता दिलेलं व्याख्यान कापलं, दोनदा येणारा डॉक्टर एकदाच आणला. फोन केला तर उत्तर काय, 'दोघींच्याही सूचना आवडल्या, पण सध्या बजेट नाही.' बजेट नाही! मुखपृष्ठाला चित्रकार पुण्याचा, प्रकाशनाला हॉल ठरलेला, जेवणात दाल-बाफले. तिथे बजेट कुठून आलं?

हं, सल्ले द्यायचे होते. 'फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा' असं बजावून ठेवा आणि पुस्तक फसलं की कथानक सैल राहिलं म्हणून संपादकाला धरा.

पुरे. अहो, मुद्रितशोधकाला चुकलेली वेलांटी सापडते. मेलेली आत्याबाई पापड घालतेय हे ज्याच्या हातून अख्खी कादंबरी जाते त्यालाच दिसतं, आणि त्याचेच पैसे असतात. हातात पैसे कमी आहेत? तसं तोंडाने सांगा. पहिली दोन-तीन प्रकरणं पैसे देऊन करून घ्या, त्यातल्या खुणा वाचा आणि तसल्याच चुका पुढे स्वतः शोधा. नाहीतर सबंध कादंबरी वाचून नुसता लेखी अभिप्राय मागा, ते ओळ न् ओळ संपादनापेक्षा स्वस्त पडतं. हप्ते पाडून द्या, कोण नको म्हणतंय? पण चार जणींकडून फुकट राबवून घ्यायचं आणि पुस्तकात 'सर्व हितचिंतकांचे आभार' छापायचे, ही सरळ चोरी आहे. तिसऱ्या प्रकरणाचं बिल पाठवलंय, ते प्रकाशनाच्या आधी भरा.