कार्ड आहे म्हणून दवाखाना नको?

गेल्या महिन्याभरात एक मेसेज आमच्या नातेवाइकांच्या, गावाच्या, अगदी शाळेच्या ग्रुपवरही येऊन गेला. मजकूर साधारण असा: ‘सरकारी दवाखाने म्हणजे पांढरा हत्ती. ते खासगी कंपन्यांना चालवायला द्या. पाच लाखांचं कार्ड सगळ्यांकडे आहेच, सरकारनं फक्त बिल भरावं. उपचार चांगले मिळतील, पैसा वाचेल, आणि कुणी गडबड केली तर कारवाई करायला सरकार बसलंय.’ हा मेसेज पाठवणाऱ्यांचा मला राग नाही. त्यातल्या अनेकांनी सरकारी ओपीडीच्या रांगेत अख्खे दिवस घालवलेत. पण मागणी चुकीची आहे.

कार्डापासून सुरुवात करते. हे कार्ड राज्य सरकारच्या आरोग्य योजनेचं; त्यावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत उपचारांचं बिल सरकार भरतं. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावानं, दीड लाखाच्या मर्यादेवर ही योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि आता मर्यादा पाच लाखांची आहे. हृदयाची, किडनीची, कॅन्सरची कितीतरी माणसं तिनं वाचवली, ते कुणी नाकारू नये. पण योजनेत ठरलेल्या आजारांची यादी असते, प्रत्येकाचं पॅकेज, म्हणजे उपचाराची ठरलेली रक्कम, असतं आणि त्यासाठी सहसा दाखल व्हावं लागतं. बीपीच्या रोजच्या गोळ्या, साधा ताप, लहान मुलांच्या लसी यांतलं काही त्यात बसत नाही. आपण दवाखान्यात जातो ते बहुतेक वेळा यासाठीच.

माझ्या आत्याच्या तळपायाला जखम झाली होती. साखर वाढलेली. योजनेतल्या एका खासगी रुग्णालयात तिला घेऊन गेले. तिथल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसानं, रेशनकार्ड, आधार पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “ताई, ऑपरेशन असतं तर केस टाकता आली असती. नुसत्या ड्रेसिंगला पॅकेज नाही.” त्याची काही चूक नव्हती, नियमच तसा. मग दीड महिना एक दिवसाआड आम्ही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जात होतो. तिथल्या सिस्टर जखम धुताना आत्याला रागवायच्या, “आजी, चप्पल घालून फिरा म्हटलं होतं ना?” आणि आत्या मान खाली घालून ऐकायची. इन्सुलिन तिथलंच. केसपेपरचेसुद्धा पैसे लागले नाहीत. पाय वाचला. तो सडून कापायची वेळ आली असती, तर तेव्हा कदाचित कार्ड चाललं असतं.

मेसेजवाल्यांचं दुसरं म्हणणं, ‘सरकारीत माणसं मरतात, खासगीत दर्जा असतो.’ ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ जण गेले. पुढे दीड महिन्यात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४, त्यात १२ नवजात बाळं. त्या बातम्या वाचताना पोटात कालवलं होतं, आजही कालवतं. पण तेव्हा दोन्हीकडच्या प्रशासनानं काय सांगितलं तेही आठवा: बरेच रुग्ण खासगीतून अगदी शेवटच्या अवस्थेत आणलेले होते. खाटांपेक्षा रुग्ण जास्त, औषधांची खरेदी रखडलेली. उपाय औषधं वेळेवर देण्यात आणि रिकाम्या जागा भरण्यात आहे. खासगीनं नाकारलेला रुग्ण जिथे येतो ते दारच खासगीच्या हातात दिलं, तर त्यानं जायचं कुठे? आणि धडगाव किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागात रात्री साप चावलेल्या माणसासाठी कोणती कंपनी डॉक्टर ठेवील?

‘कारवाई करायला सरकार आहेच.’ आयुष्मान भारत या केंद्राच्या अशाच कार्डाच्या योजनेवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. एकाच मोबाइल नंबरवर जवळपास साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले. आधीच मृत दाखवलेल्या रुग्णांवर पुन्हा उपचार झाल्याचे दावे. ही आपली देखरेख. आपल्या सरकारी दवाखान्यात औषध नसेल तर आमदाराला जाब विचारता येतो, माहिती अधिकारात कागद मागता येतो. कंपनीच्या काउंटरवर आपण फक्त गिऱ्हाईक.

खासगीचं नावच नको, असं मी म्हणत नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून खासगी कंपनीच चालवते आणि ती आली म्हणून जगलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. पण गाडी चालवायला देणं वेगळं आणि रुग्णालयच सोपवून मोकळं होणं वेगळं.

‘पैसा वाचेल’ म्हणणाऱ्यांनी अंधेरीत मरोळला जाऊन सेव्हन हिल्स रुग्णालय बघावं. जमीन मुंबई महापालिकेची. कंपनीनं रुग्णालय बांधायचं, चालवायचं आणि २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांना द्यायच्या, असा करार. २०१० ला ते सुरू झालं. त्या खाटांवरून, भाड्यावरून पालिकेशी वाद पेटला, कंपनी कर्जात बुडाली, आणि २०१८ ला प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. इतकी मोठी इमारत जवळजवळ ओस पडली. २०२० मध्ये करोना आला, मुंबईत एकेका खाटेसाठी लोक फोन फिरवत होते, तेव्हा त्या इमारतीत रुग्ण दाखल करून घ्यायला पालिकेलाच उभं राहावं लागलं.