एंटर दाबा, पुढचं पुढे बघू

भाचीच्या लग्नाचा बायोडेटा वर्डमध्ये केला असता तर अर्ध्या तासात हातावेगळा झाला असता. पण तुम्ही पडलात उबुंटूवाले, म्हणजे विंडोज सोडून लिनक्सची ही प्रणाली वापरणारे. लाटेक या कमांडी लिहून पानं जुळवायच्या प्रणालीशिवाय कशालाही हात लावणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं. तेव्हा तुम्ही टेक्सलाइव्ह-फुल, म्हणजे लाटेकचा अख्खा संच, टाकलंत, पाच-सहा जीबीचा ऐवज उतरवून घेतलात, एका पानाची सुबक पीडीएफ काढलीत, आणि मुलाकडच्यांनी ती व्हॉट्सॲपवर अंगठ्याने सरकवत थेट 'शिक्षण-नोकरी' या ओळीवर नेली. असो. आता डिस्क भरत आली आहे आणि हा पसारा काढायचा आहे. त्यासाठीच हे मार्गदर्शन.

टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडा. 'सुडो ॲप्ट रिमूव्ह टेक्सलाइव्ह-फुल' असं लिहा (सुडो म्हणजे मालकी हक्काने, ॲप्ट म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं आणणारा-काढणारा पॅकेज मॅनेजर) आणि एंटर दाबा. पडद्यावर मजकूर येईल, तो वाचायचा नाही. वाचलात तर 'एवढी जागा मोकळी होईल' या वाक्यात जीबी नव्हे, नुसते काही किलोबाइट दिसतील आणि उगाच मन खट्टू होईल. त्याचं कारण असं, की टेक्सलाइव्ह-फुल हे स्वतः जवळजवळ रिकामं पॅकेज आहे. बाकीच्यांची नावं घेऊन त्यांना बोलावणं एवढंच त्याचं काम. म्हणजे तुम्ही नवरदेवाला वाटेला लावलंत, वऱ्हाड मांडवातच आहे. त्यात बुद्धिबळाचे पट छापायची सोय आहे, संगीताचं नोटेशन आहे, चिनी-जपानी-कोरियन लिप्यांचा जामानिमा आहे. बायोडेट्यात यातलं काही लागलं नव्हतं, हे खरं. पण बोलावलं कोणी?

अशा मागे राहिलेल्यांसाठी 'ऑटोरिमूव्ह' नावाची कमांड आहे. ॲप्ट दर वेळी काही काढता-घालताना बिचारं सांगत असतं, की अमुक अमुक पॅकेजं आपोआप आली होती, आता त्यांची गरज नाही, काढायची असतील तर ऑटोरिमूव्ह चालवा. ही सूचना महिनोन्‌महिने तशीच येऊ द्यावी. यादी लांबत जाते. पडदाभर झाली की एखाद्या जाणकार मित्राला फोटो काढून पाठवावा. स्क्रीनशॉट नव्हे, मोबाइलने काढलेला, तिरका, वर ट्यूबलाइटची पट्टी चमकणारा.

ॲप्ट ही यादी मनाने करत नाही. कुठलं पॅकेज तुम्ही स्वतः मागवलंत आणि कुठलं दुसऱ्याच्या मागोमाग आलं, याची नोंद ते ठेवतं. पहिल्याला मॅन्युअल म्हणतात, दुसऱ्याला ऑटो. ज्या ऑटोला आता कोणी विचारत नाही, तेच काढायच्या यादीत जातं. व्यवस्था इतकी सरळ आहे की ती बिघडवायला थोडे कष्ट घ्यावे लागतात. तुम्ही ते घेता. कुठेतरी कोणीतरी लिहिलेलं असतं, 'आधी या नऊ लायब्ऱ्या टाका, मग सॉफ्टवेअर चालेल.' त्या लायब्ऱ्या, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारे तयार तुकडे, त्याच्याबरोबर आपसूक आल्याच असत्या. पण तुम्ही एकेकीचं नाव कॉपी-पेस्ट करून हाताने टाकता. झालं, नऊच्या नऊ मॅन्युअल. आता मूळ सॉफ्टवेअर गेलं काय, राहिलं काय, ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावणार नाही, कारण खुद्द मालकाने मागवलेल्या आहेत. 'ॲप्ट-मार्क' नावाच्या कमांडने ही नोंद दुरुस्त करता येते. तिच्या वाटेला जाऊ नका. यादीतलं कुठलं नाव कशाचं, हे तुम्हालाही आता आठवणार नाही.

काही सोवळे लोक सांगतील, 'रिमूव्ह नको, पर्ज करा.' रिमूव्ह केलं की प्रोग्रॅम जातो, पण ईटीसी फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंगच्या फायली राहतात. उद्या परत टाकलंत तर सेटिंगा जागच्या जागी मिळाव्यात म्हणून. हेतू चांगला आहे. म्हणूनच पॅकेजांची यादी दाखवणारी 'डीपीकेजी -एल' ही कमांड चालवली की काही नावांपुढे 'आरसी' ही दोन अक्षरं दिसतात: पॅकेज गेलं, कॉन्फिग आहे. पर्ज केलं की तेही जातं. पण पर्ज करून हात झटकणाऱ्यांनी एकदा आपलं होम फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाबावं. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांची रांग लागते. त्यातल्या '.कॉन्फिग' आणि '.कॅश'मध्ये शिरलात तर काढलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचं काही ना काही निघतं. पर्ज तिथे जात नाही. होम फोल्डर तुमचं, तिथलं काही उचलायचा पॅकेज मॅनेजरला अधिकार नाही. इतकी सभ्यता आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीतही नसते.

स्नॅप ही सॉफ्टवेअर टाकायची उबुंटूची दुसरी पद्धत. तिची तऱ्हा आणखी प्रेमळ. तुम्ही स्नॅप काढलंत तरी ते जाताना तुमच्या डेटाची एक प्रत गुपचूप बाजूला ठेवतं आणि ती ३१ दिवस सांभाळतं. '--पर्ज' लिहिलंत तर ठेवत नाही. लिहू नका. जागा व्हावी म्हणून काढलं आणि जागा झाली नाही, यातली मौज महिनाभर टिकते. फ्लॅटपॅक या तिसऱ्या पद्धतीवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे ॲप गेल्यावर मागे उरलेले रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणारे सामायिक भाग, '--अनयूज्ड' असं स्पष्ट लिहून काढावे लागतात.

इथवरचं सगळं 'असू दे' पंथाचं झालं. दुसरा पंथ सफाईवाल्यांचा. या पंथाची दीक्षा घ्यायची तर सुरुवात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेपासून करावी. कॉम्प्युटरवर जुनं पायथन आहे, तुम्हाला नवं हवं आहे, मग जुनं काढायला नको का? 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३' लिहा. पडद्यावर पुन्हा ती लांबलचक यादी येईल, आणि ती न वाचण्याचा सराव तुम्हाला आता झालेलाच आहे. उबुंटूचा निम्माअधिक डेस्कटॉप त्या 'जुन्या' पायथनच्या जिवावर उभा असतो. पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर लॉगिन विचारणारी एक ओळ उरते. इतकी स्वच्छता क्वचितच बघायला मिळते.

यात तुम्ही एकटे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या उबुंटूवरच बेतलेल्या प्रणालीवर स्टीम हे गेम खेळायचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. टाकायला, काढायला नव्हे. पॅकेजांच्या अवलंबनात त्या वेळी घोळ होता, त्यामुळे ॲप्टने स्टीमपायी डेस्कटॉपच काढायचा बेत मांडला. पण तो न विचारता पार पाडला नाही. हे धोक्याचं आहे असं बजावलं आणि खरंच करायचं असेल तर 'येस, डू ॲज आय से!' हे वाक्य उद्गारचिन्हासकट लिहा, असं सांगितलं. त्याने ते कॅमेऱ्यासमोर लिहिलं. डेस्कटॉप गेला, आणि तो जाताना जगाने पाहिला. त्यानंतरच्या २.३.१२ या आवृत्तीत ॲप्टच्या मंडळींनी ही पळवाट बरीच आवळली. चूक पॅकेजातल्या घोळाची होती हे मान्यच, पण एवढं मोठं वाक्य हाताने लिहूनही त्याचा अर्थ डोक्यात न शिरू देणं ही साधना आहे. आपण सगळे ॲपच्या अटी-शर्तींवर तीच रोज करतो.

सफाईत आणखी पुढे जायचं असेल तर पॅकेज मॅनेजर सोडा आणि कोणाची तरी तयार स्क्रिप्ट सुडो लावून चालवा. २०११ मध्ये लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डासाठी असलेल्या बंबलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका जुन्या फोल्डरचा माग पुसायची ओळ होती. त्या पत्त्यात 'यूएसआर'नंतर चुकून एक स्पेस पडली. संगणकाने एका पत्त्याचे दोन पत्ते वाचले आणि पहिला, म्हणजे अख्खं यूएसआर फोल्डर, सांगितल्याबरहुकूम पुसून टाकला. ज्यांच्याकडे ती स्क्रिप्ट चालली, त्यांच्या प्रणालीतले बहुतेक प्रोग्रॅम त्या एका मोकळ्या जागेत गेले. सुमारे साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टने फोल्डरचा पत्ता रिकामा निघाल्यावर थेट मुळापासून, म्हणजे डिस्कच्या सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, पुसायला घेतलं आणि वापरकर्त्याच्या फायली गेल्या. त्या ओळीच्या वरच लिहिणाऱ्याने टीप टाकून ठेवली होती: 'स्केरी!' टीप खरी ठरली.

मूळ कोडपासून प्रोग्रॅम स्वतः बनवून, म्हणजे कंपाइल करून, 'सुडो मेक इन्स्टॉल' करणाऱ्यांना वेगळा उपदेश नको. ॲप्टच्या वहीत त्या सॉफ्टवेअरचं नावच नसतं, त्यामुळे ते काढायचा प्रश्नही उद्भवत नाही. 'मेक अनइन्स्टॉल' करून बघा. पुष्कळदा अशी सोय लेखकाने ठेवलेलीच नसते. पायथनची पॅकेजं काढणारं पिप अनइन्स्टॉलही सांगितलेलं तेवढंच काढतं, सोबत आलेल्यांचं नाव घेत नाही.

राहता राहिलं बूटचं पार्टिशन, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना लागणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा कप्पा. जुन्या एन्क्रिप्टेड इन्स्टॉलेशनमध्ये ते वेगळं आणि काही शे एमबीचं असे. दर अपडेटला नवं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, येतं, जुनी तिथेच राहतात. ऑटोरिमूव्ह ती काढतं, पण ते चालवायचं नाही हे आपलं ठरलेलंच आहे. एक दिवस पार्टिशन शंभर टक्के भरतं आणि नवं कर्नल अर्धवट बसतं. आता घाबरून ऑटोरिमूव्ह चालवा. ते आधी अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला बसतं, त्यासाठी जागा लागते, जागा नसते. जागा करायला जागा मागणारा हा पेच हाताने एकेक जुनं कर्नल काढून सुटतो, पण त्यात वाचावं फार लागतं.

त्यापेक्षा दिवाळीच्या सेलमध्ये १ टीबीची एसएसडी घ्या आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर उतरवा. कामाला अख्खी रात्र लागली तरी हरकत नाही. सकाळी नव्या डिस्कवर भरपूर जागा दिसेल. बूटचं पार्टिशन मात्र तेवढंच लहान असेल, आणि शंभर टक्के भरलेलं.